मुलीकडे डरहॅमला जातोय, 'मायनर लीग' बेसबॉलची मॅच बघण्यासारखी असते का?

देवगडचा_स्कोअरर

नमस्कार मंडळी. यंदाचा आंबा आवरत आला, आता कॅनिंगला जायचा माल तेवढा राहिलाय, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं मुलीकडे निघालोय, नॉर्थ कॅरोलिनाला डरहॅमला. गणपतीच्या आधी परत. जावईबापूंनी कौतुकाने बेसबॉलची तिकिटं काढून ठेवलीत, टीमचं नाव डरहॅम बुल्स. मी जरा शोधलं तर कळलं की ही टीम मायनर लीगची. म्हणजे मोठी नाही, खालची. आता जावयाला कसं विचारणार की बाबा मला खालच्या दर्जाची मॅच का दाखवतोस, म्हणून इथे विचारतोय.

माझं थोडं सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. मी गेली २२ वर्षं आमच्या पंचक्रोशीत टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला स्कोअरिंग करतो. भात कापून झालं की मळ्यात पिच करायचं, चिऱ्याचा गडगा हीच बाउंड्री आणि तीच गॅलरी, पहिलं बक्षीस कधी रोख, कधी फ्रीज, कधी बोकड. तेव्हा लहान मैदानावरच्या खेळाला मी नावं ठेवणारा माणूस नाही. पण आमच्या टीम निदान आमच्या तरी असतात. मला वाचून जे समजलं त्यात असं आहे की ही टीम कितीही जिंकली तरी वरच्या लीगमध्ये जाऊच शकत नाही, आणि चांगला खेळायला लागलेला प्लेअर वरची टीम उचलून नेते. मग लोक बघायला जातात कशाला? ग्राउंड कसं असतं? साठीच्या वरच्या माणसाला तीन तास बसवतं का? आणि क्रिकेटचं स्कोअरबुक नेलं तर त्यात बेसबॉल लिहिता येईल का, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सौ. म्हणते हा प्रश्न विचारू नका, लोक हसतील. हसा.

---

चिपळूणची_माहेरवाशीण

काका हसत नाहीये अजिबात. मी केरीला राहते, डरहॅमपासून अर्ध्या तासावर, आणि माझी मुलं लहान होती तेव्हापासून आम्ही दर उन्हाळ्यात चार-पाच मॅच तरी बघतोच, त्यामुळे हे उत्तर माझ्याकडूनच आलं पाहिजे.

पहिली गोष्ट, ती 'खालची' टीम नाही. म्हणजे आहे, पण मायनरमध्येही चार पायऱ्या असतात, सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए, आणि बुल्स ट्रिपल ए म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर. तिथला पोरगा आज तुमच्यासमोर खेळतोय आणि परवा टँपा बे रेज या मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगच्या, टीमकडून टीव्हीवर दिसतोय असं होतं. १९९८ पासून ही रेजचीच टीम आहे.

ग्राउंड १९९५ चं आहे, दहा हजार माणसं मावतात, आणि कुठेही बसा, खेळाडूचा चेहरा दिसतो. शेजारी जुन्या सिगरेटच्या कारखान्याच्या लाल विटांच्या इमारती आहेत, तंबाखूवरच हे गाव मोठं झालं, आता तिथे ऑफिसं आणि हॉटेलं. डाव्या बाजूला बत्तीस फूट उंच निळी भिंत आहे, आणि तिच्यावर तो बैल. लाकडी कापीव बैल, भलामोठा. आपल्या टीमने होमरन मारली (बॉल थेट भिंतीपलीकडे, आपल्या सिक्ससारखा) की त्याचे डोळे लाल पेटतात, शेपटी हलते आणि नाकातून धूर निघतो. त्याच्यावर लिहिलंय, बैलाला बॉल मारलात तर स्टेक जिंका, खालच्या गवताला लागला तर सॅलड. मूळ बैल १९८८ च्या एका सिनेमासाठी जुन्या ग्राउंडवर लावला होता, सिनेमावाले गेले पण लोकांना आवडला म्हणून ती पद्धतच पडली. माझ्या धाकट्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा तो अख्खी मॅच त्या बैलाकडेच बघत बसला होता, मॅचकडे पाठ! आणि त्या दिवशी एकही होमरन झाली नाही, घरी येईपर्यंत रडत होता.

बसवतं का म्हणाल तर बसायचंच नसतं हो. लोक फिरतात, खातात, गप्पा मारतात. दोन इनिंगच्या मधे (मॅचला अशा नऊ असतात) मैदानात काहीतरी चालू असतं, कुणी बॅट जमिनीवर टेकवून तिच्यावर कपाळ ठेवून गरागरा फिरतो आणि मग पळायला जातो आणि पडतो, टी-शर्ट फेकतात, लहान मुलांच्या शर्यती. सातव्या इनिंगला सगळे उठून उभे राहून गाणं म्हणतात. शिमग्यात कसं, कोण पालखी नाचवतोय, कोण शेंगा खातोय, कोण नुसताच उभा आहे, पण सगळे असतात, तसं.

सोमवारी जाऊ नका, सुट्टी असते. मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सलग सहा मॅच, मग पुढची टीम. हॉट डॉग घेताना कशाचा आहे ते आधी विचारा, बहुतेक बीफ किंवा पोर्कच. बाहेरचं खाणं बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत, तेव्हा खाजाचा पुडा घरीच ठेवून जा (आणि उरला तर मला कळवा). आणि बेसलाइनच्या बाजूला बसलात तर फोन खाली ठेवा, तिरका उडालेला बॉल गोळीसारखा येतो. आला आणि सापडला तर तुमचा, परत द्यायचा नसतो.

---

फुकटचा_अंपायर

देवगडकर, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. 'आमची टीम' म्हणजे कुणाची हाच तिकडचा सगळा खेळ आहे.

मायनर लीगच्या टीमचा मालक बहुतेक वेळा वेगळाच असतो, ग्राउंड बऱ्याचदा गावाचं किंवा कौंटीचं, पण खेळाडू आणि कोच हे वरच्या टीमचे नोकर, पगार तीच देते, आणि कोण खेळणार कोण बसणार हेही तीच ठरवते. म्हणजे मंडप, जेवण, लाउडस्पीकर सगळं गावाचं, नवरा मात्र बाहेरचा. मेजर लीगच्या ३० टीम, प्रत्येकीच्या खाली चार, म्हणून १२०. ही पद्धत बसवली ब्रँच रिकी नावाच्या माणसाने, १९२० च्या दशकात, सेंट लुईस कार्डिनल्ससाठी. त्यांच्याकडे तयार खेळाडू विकत घ्यायला पैसा नव्हता, म्हणून म्हणाला आपण रोपं लावू, तिकडे याला फार्म सिस्टिमच म्हणतात. तुम्ही बागायतदार आहात, कलमाचा हिशोब तुम्हाला मी काय सांगणार. याच रिकीने पुढे जॅकी रॉबिन्सनला (आधुनिक मेजर लीगमधला पहिला काळा खेळाडू) आणलं आणि त्यालाही १९४६ ला आधी माँट्रियलच्या मायनर टीमकडूनच खेळवलं, मग १९४७ ला वर.

रणजीशी तुलना करू नका, लोक करतात. रणजीत मुंबई मुंबईसाठी जिंकायला खेळते. इथे समजा एखादा पिचर सुंदर टाकतोय, सहा इनिंग झाल्या, मॅच हातात आहे, तरी वरून ठरलेले तेवढे बॉल झाले की त्याला काढतात, मॅच गेली तर गेली. लोकांना ते माहीत असतं.

नियमसुद्धा आधी इथेच वापरून बघतात. पिचरने पंधरा-अठरा सेकंदात बॉल टाकलाच पाहिजे हे घड्याळ आधी मायनरमध्ये आलं, २०२३ ला मेजरने घेतलं. बॉल-स्ट्राईकवर (टाकलेला बॉल बॅट्समनच्या टप्प्यातून गेला की नाही, या अंपायरच्या निर्णयावर) डीआरएससारखा रिव्ह्यू, तोही आधी मायनरमध्येच. बॅट्समनने टोपीवर हात थोपटला की समजा रिव्ह्यू घेतला.

स्कोअरबुकचं नंतर लिहितो, जेवायला बोलावतायत.

---

वेंगुर्ल्याचो_झील

मी बोटीवर असतो, सेकंड इंजिनियर, अमेरिकेच्या दक्षिणेकडची बंदरं बरीच फिरलोय. काका तुम्हाला डरहॅमचा बैल, ठीक आहे. पण कोकणातल्या माणसाने बघावी अशी टीम म्हणजे जॅक्सनविलची. नाव काय म्हायत हा? जंबो श्रिंप. मोठी सुंगटां! २०१७ ला हे नाव घेतलं, आधी सन्स होतं. लोकांनी आधी शिव्या घातल्या म्हणे आणि मग तेच टोप्या घेत सुटले. मी पण एक घेतली, निळी, त्यावर सुंगट. घरी आलो तर आवशीन बघून इचारल्यान, ह्या मासळी सोसायटीचा काय रे?

मायनरवाल्यांची नावं ठेवायची हीच तऱ्हा. मेजरमध्ये कसं यँकीज, कार्डिनल्स, भारदस्त. इथे अमारिलो सॉड पूडल्स, लीहाय व्हॅली आयर्नपिग्ज, अलाबामात ट्रॅश पांडाज म्हणजे कचरा उपसणारे रकून, माँटगोमरी बिस्किट्स. त्या माँटगोमरीच्या ग्राउंडला जुनी रेल्वेची शेड आतच घेतलीय आणि मॅचमध्ये तोफेतून लोकांवर बिस्किटं उडवतात. आपलं मारी-ग्लुकोज नाही, मऊ पावासारखं असतं ते. आणि मिसिसिपीच्या किनाऱ्यावर बिलॉक्सीला शकर्स, म्हणजे कालवं फोडणारे. गल्फपोर्टला बोट लागली होती तेव्हा तिथे जाऊन आलो. आमच्या खाडीत बायका कोयती घेऊन कालवं फोडतात ना अगदी तोच धंदा तिथे पिढ्यानपिढ्या चाललाय, आणि त्याचं नाव टीमला. आपल्याकडे कुणी टीमला 'कालवं' नाव ठेवेल? आपल्याकडे सगळे टायगर नाहीतर किंग्ज.

आणि एक, कुणी अलाबामात बर्मिंगहॅमला गेलात तर रिकवुड फील्ड चुकवू नका. १९१० चं ग्राउंड, अमेरिकेत उभं असलेलं सगळ्यात जुनं प्रोफेशनल बेसबॉलचं. गोऱ्यांची टीम बॅरन्स आणि काळ्यांची ब्लॅक बॅरन्स, दोन्ही एकाच ग्राउंडवर, पण वेगवेगळ्या दिवशी. विली मेज १९४८ ला ब्लॅक बॅरन्सकडून तिथे खेळला, तेव्हा शाळेत होता. २०२४ च्या जूनमध्ये त्याच्या मानासाठी मेजर लीगची मॅच तिथे ठेवली आणि मॅचच्या दोन दिवस आधी तो गेला, ९३ वर्षांचा होऊन. मी गेलो तेव्हा मॅच नव्हती, नुसतं ग्राउंड बघितलं. हिरवे लोखंडी खांब, लाकडी स्कोअरबोर्ड, आणि एक म्हातारा पाइपने पाणी मारत होता. तासभर बसलो असेन.

---

खाडीपलीकडचा

सगळे नुसतं कौतुक करतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो.

हे जे पोरगे खेळतात ना ते २०२२ पर्यंत काय मिळवत होते बघा. सिंगल ए ला वर्षाचे ११ हजार डॉलर, ट्रिपल ए ला साडेसतरा हजार. अमेरिकेत! सहा-सहा जण एका फ्लॅटमध्ये, हवेच्या गाद्यांवर. हिवाळ्यात डिलिव्हरी कर, वेटर हो. २०२२ पासून घर द्यायला लागले, मग त्या पोरांनी युनियन केली आणि २०२३ ला पहिला करार झाला तेव्हा ट्रिपल ए चं किमान ३५,८०० झालं, सिंगल ए चं २६,२००. शंभर वर्षांत पहिल्यांदा. आणि २०२१ ला मेजरवाल्यांनी १६० च्या १२० टीम केल्या, चाळीस टीम सरळ कापल्या. ज्या गावात आजोबा-नातू सगळे त्याच ग्राउंडवर जायचे तिथे एका सकाळी सांगितलं की आता टीम नाही. बैलाच्या नाकातून धूर काढून ते भरून येत नाही.

आणि अंपायरसाहेब, फार्म सिस्टिम म्हणजे आपलं कोकणच झालं की. पोरगं कामाचं झालं की मुंबईला, मागे राहतो तो म्हातारा आणि गणपतीला येणारी एसटी. ते बघायला डरहॅमला कशाला जायचं?

बाय द वे, स्कोअररकाका, तुम्हीच का ते पांढरी टोपी घालून टेबलावर छत्री बांधून बसणारे? असाल तर आपलं एक जुनं बोलणं बाकी आहे.

---

देवगडचा_स्कोअरर

खाडीपलीकडचा, टोपी पांढरी आहे, छत्री सौ.ची आहे, बाकी बोलणं कुठलं ते आठवत नाही.

बाकी सगळ्यांचे आभार. माहेरवाशीण, खाजा घेऊन येतोय, दोन पुडे. अंपायर, जेवण झालं असेल तर स्कोअरबुकचं लिहा.

---

फुकटचा_अंपायर

क्रिकेटचं बुक चालणार नाही, तिकडे ग्राउंडवर किंवा ऑनलाइन स्कोअरकार्ड मिळतं ते घ्या. पण तुम्हाला जड जाणार नाही, कारण बेसबॉलचा स्कोअर लिहायची पद्धत घडवली तीच मुळात क्रिकेटच्या बातमीदाराने. हेन्री चॅडविक, इंग्लंडमध्ये एक्सेटरला १८२४ ला जन्मला, लहानपणी अमेरिकेत आला, न्यूयॉर्कला क्रिकेटच्या मॅच लिहायचा, मग बेसबॉलकडे वळला आणि त्याने क्रिकेटसारखा तक्ता केला.

फिल्डरांना नंबर असतात, शर्टावरचे नाही, जागेचे (बेस म्हणजे पळताना गाठायचे टप्पे). पिचर १, कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड ४, थर्ड ५, शॉर्टस्टॉप (सेकंड-थर्डच्या मधला) ६, मग लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. शॉर्टस्टॉपने उचलून सेकंडला दिला, त्याने फर्स्टला फेकला आणि दोघे आऊट, तर लिहायचं ६-४-३. झालं. स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइक होऊन आऊट) म्हणजे इंग्रजी के. चौकोनात छोटा हिरा काढलेला असतो, जेवढ्या बेस गेला तेवढ्या रेघा गडद करायच्या.

आणि एक गंमत बघा. मैदानाच्या आतली मापं सगळीकडे एक, बेस ते बेस ९० फूट, पिचर ते बॅट्समन साडेसाठ फूट. बाहेरची भिंत मात्र प्रत्येक ग्राउंडची वेगळी, उंची वेगळी, अंतर वेगळं. म्हणून मॅचच्या आधी अंपायर आणि दोन्ही टीमची माणसं होम प्लेटपाशी (बॅट्समन उभा राहतो तिथे) जमतात, नावांचे कागद देतात-घेतात आणि 'इथले' नियम बोलून घेतात, बॉल अमक्यात अडकला तर किती, तमक्याला लागला तर काय. तुमच्याकडे माईकवर सांगतात ना, फणसाला लागला तर दोन, पडवीत गेला तर आऊट, तेच.

---

रात्रीचा_राजा

स्कोअरर आहात म्हणून तुमच्यासाठी खास. पॉटकेट, ऱ्होड आयलंड, मकॉय स्टेडियम, १८ एप्रिल १९८१, शनिवारची रात्र. पॉटकेट विरुद्ध रॉचेस्टर, दोन्ही ट्रिपल ए. नऊ इनिंगची मॅच, बरोबरीत, चालू ठेवा. बेसबॉलमध्ये ड्रॉ नसतो. ठरावीक वेळेनंतर मॅच थांबवायचा नियम लीगचा होता पण अंपायरकडच्या कागदात तो छापायचाच राहिला होता, झालं! २१ व्या इनिंगला रॉचेस्टरने एक रन काढली, वाटलं संपलं, तर वेड बॉग्जने बरोबरी केली. थंडी एवढी की तुटक्या बॅटी जाळून पोरं शेकत बसली. शेवटी लीगच्या अध्यक्षाला फोन लागला आणि पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी ३२ इनिंग झाल्यावर थांबवली, ईस्टरची सकाळ. तेव्हा स्टँडमध्ये माणसं किती? एकोणीस! आपल्याकडे पहाटे दशावतार संपतो तेव्हाही याच्यापेक्षा जास्त माणूस असतो, आणि निम्मे घोंगडी घेऊन झोपलेले का असेनात.

उरलेली मॅच २३ जूनला. तेव्हा मेजर लीगचा संप चालू होता, त्यामुळे देशभरचे पत्रकार तिथे, आणि मॅच संपली अठरा मिनिटांत. ३३ व्या इनिंगला पॉटकेट ३-२. रॉचेस्टरचा थर्ड बेसवाला कोण तर कॅल रिपकेन ज्युनियर, जो पुढे सलग २,६३२ मॅच खेळला. तो आणि बॉग्ज दोघेही हॉल ऑफ फेममध्ये. ते स्टेडियम आता पाडलं, टीम २०२१ लाच वूस्टरला गेली.

त्या रात्रीच्या स्कोअररचा विचार करा फक्त. कागदच पुरला नसेल.

---

देवगडचा_स्कोअरर

मंडळी, जाऊन आलो. एकदा नाही, दोनदा. लांबलचक लिहितोय, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सोडून द्या.

पहिल्यांदा गुरुवारी. थर्ड बेसच्या बाजूला जागा, ऊन समोरून. माझ्या पलीकडे एक काळे गृहस्थ, पंचाहत्तरीचे तरी असतील, मांडीवर पाटी, पाटीला क्लिपने कार्ड, कानाला पेन्सिल. मी पिशवीतून माझं कार्ड काढलं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत, खिशातून दुसरी पेन्सिल काढून दिली, माझं बॉलपेन होतं ना. खोडता येत नाही त्याने, ते मला चौथ्या इनिंगला कळलं.

खेळ पहिल्या दोन इनिंग डोक्यावरून गेला. मागे मारलेला बॉल फुकट जातो हे पचायला वेळ लागतो, आमच्या पोरांचं अर्धं स्कोअरिंग तर मागेच असतं. पण फिल्डिंग! शॉर्टस्टॉपला एक बारका पोरगा होता, बॉल उजवीकडून जातोय, हा आडवा पडून ग्लोव्हमध्ये घेतोय आणि बसल्या बसल्याच सेकंडला देतोय, तिथून फर्स्टला. मी लिहिलं ६-४-३. लिहिताना हात थरथरला म्हटलं तरी चालेल. शेजारच्या आजोबांनी माझ्या कार्डात डोकावून बघितलं आणि मान हलवली. सौ. तोपर्यंत बैलाचे फोटो काढत होती, आणि सांगतो, सहाव्या इनिंगला होमरन झाली, बैलाने धूर काढला, आणि ती एवढ्या मोठ्याने ओरडली की पुढच्या रांगेतली मुलं मागे वळली.

दुसऱ्यांदा शनिवारी, मीच म्हटलं परत जाऊया. शेजारी परत तेच आजोबा. पाचव्या इनिंगला एक शिरवं आलं. आमच्या हिशोबाने ते पाऊसच नाही, पागोळ्यासुद्धा पडल्या नसत्या. पण त्यांनी मॅच थांबवली, वीस-पंचवीस पोरं धावत आली आणि मोठ्या नळकांड्यावर गुंडाळलेली ताडपत्री ओढत अख्ख्या आतल्या मैदानावर घातली, कडेला वजनं ठेवली, चार मिनिटांत. मी ताडपत्रीतला माणूस आहे, मांगरावर दर जूनला घालतो, चौघांना दीड तास लागतो आणि एक तरी भांडण होतं. त्यांचं बघून मी उभा राहून टाळ्या वाजवल्या, पूर्ण ग्राउंडात एकटाच.

थांबलो होतो त्या वेळात मी आजोबांना विचारलं (जावई मधे दुभाषी), तो शॉर्टस्टॉप आज का नाही, लागलंय का त्याला? आजोबांनी पेन्सिल वर आभाळाकडे दाखवली. मी घाबरलो हो. मग जावयाने सांगितलं, काल रात्री फोन आला, टँपाला बोलावलं, वर गेला. आजोबा हे सांगताना असे फुलले होते की नातूच लागला असेल कुठे नोकरीला. म्हणाले, यंदाचा हा अमुकावा. त्यांच्या पाटीच्या मागे यादी होती, एकाखाली एक नावं, पुढे तारीख. कितीतरी वर्षांची. त्याच्या जागी आलेला नवीन पोरगा दोन बॉल सोडून बसला त्या दिवशी, आजोबांनी त्याचं नाव पण नीट, स्पेलिंग विचारून लिहून घेतलं.

खाडीपलीकडचा, तुमचं मुंबईचं बरोबर आहे, मला तेच आठवलं. फक्त आमच्या स्टँडवर कुणी यादी ठेवली नाही.

आता स्कोअरिंगची शंका. मी स्ट्राइकआऊटला सगळीकडे के लिहिला तर आजोबांनी दोन ठिकाणी खोडून उलटा के काढला, आरशात दिसतो तसा. पाऊस थांबला, मॅच सुरू झाली आणि विचारायचं राहून गेलं. ते काय?

---

फुकटचा_अंपायर

बॅट फिरवून चुकला आणि आऊट झाला तर सरळ के. तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहिला, बॅट हललीच नाही, तर उलटा.

---

चिपळूणची_माहेरवाशीण

काका खाजा संपला. मुलांनी एका दिवसात. पुढच्या वर्षी नुसता खाजा पाठवलात तरी चालेल, म्हणजे या पण नक्की.

---

देवगडचा_स्कोअरर

वा. म्हणजे बॅट न घालता बोल्ड झाला त्याला वेगळी खूण. हे आमच्याकडे का नाही? आमच्याकडे तर असे दर मॅचला चार असतात. येत्या डिसेंबरपासून मी उलटा बी लिहिणार, कमिटीला सांगून टाकतो.

---

खाडीपलीकडचा

उलटा लिहा नाहीतर आडवा लिहा. पण तीन वर्षांपूर्वीच्या सेमीफायनलला आमची शेवटच्या बॉलची एक रन धरली नाहीत, आम्ही एका रनने हरलो आणि बोकड पलीकडच्या वाडीत गेला, ती आधी लिहा.

---

देवगडचा_स्कोअरर

आठवलं. पॅडला नव्हे, मांडीला लागून गेला होता. आमच्या टुर्नामेंटला लेगबाय नाही, सकाळी माईकवर दोनदा सांगितलं होतं.